मशिनीला मीठ

"मशीन समजतं?"

घरमालकिणीनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. भाडं किती देणार, घरात माणसं किती, मासळी खाता की नाही, हे सगळं तिनं नंतर विचारलं. आम्ही नवरा-बायको दोन वर्षांत तिसरी जागा शोधत होतो. पहिल्या मालकाला मुलाच्या लग्नासाठी खोली हवी झाली आणि दुसऱ्यानं केळीची वाडीच विकून टाकली. अशा वेळी तिनं "हत्ती पिसाळला तर आवरतोस का?" असं विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. मी छाती पुढं काढून म्हटलं, "समजतं की. वालीवच्या कारखान्यातच आहे मी."

कारखान्यात होतो हे खरं होतं. पण तिथं मी दाराशी बसून हजेरी लिहायचो. कोण किती वाजता आत गेला आणि कोण किती वाजता बाहेर आला, एवढंच माझं काम. आतल्या यंत्रांशी माझा संबंध असा, की त्यांच्या धडधडीपायी मला फोनवरचं बोलणं ऐकू यायचं नाही. सायकलची चेन पडली तर मी सायकल हातात धरून चालत घरी येणारा माणूस. पण हे सांगायला तिनं विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगण्याइतका मी हरिश्चंद्र नव्हतो.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. वसईजवळच्या उमेळ्यात वाड्या अजून होत्या, पण रस्त्याकडेला विटांचे ढीगही दिसायला लागले होते. मालकीण साठीची, विधवा, लाल लुगडं नेसणारी ख्रिस्ती बाई. गावात सगळे तिला आंटी म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. तिचं जुनं कौलारू घर पुढं, आणि मागं केळीला लागून दोन नव्या खोल्या. तिचा एकुलता एक मुलगा गल्फला होता. "मोठ्या हॉटेलात आहे, साहेब आहे," असं ती सांगायची. त्या खोल्या त्यानं पैसे पाठवून स्वतःसाठी बांधून घेतल्या होत्या आणि तो येईपर्यंत त्या रिकाम्या राहू नयेत म्हणून आम्ही.

स्वयंपाकघरात ओट्याखाली एक पांढरी पेटी होती. बायकोला वाटलं, फ्रिज. ती हरखून पुढं झाली आणि दार उघडून बघते तर आत तारांच्या दोन जाळ्या. "हे काय हो?" तिनं मला विचारलं. मला काय ठाऊक? आंटी म्हणाली, "ताटं धुवायची मशीन. माझ्या पोरानं बोटीनं पाठवली. खोक्यातून काढली तेव्हा अख्खा गाव बघायला आला होता. फादरनी येऊन पवित्र पाणी शिंपडलं तिच्यावर." मग तिनं अट सांगितली. मशीन वापरायची नाही, पण दर रविवारी चालवायची आणि साफ ठेवायची. मुलगा सुट्टीवर येईल तेव्हा ती चालू दिसली पाहिजे. "बंद पडली तर बाबा, तू दुसरी जागा बघ. मी कुणाला वाईट बोलत नाही, पण माझ्या पोराची वस्तू आहे ती."

तिचा आवाज इतका मऊ होता की धमकी आहे हे मला सायकलवरून परत जाताना समजलं.

दर रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपून आंटी आमच्या दाराशी हजर व्हायची. हातात मुलानं पाठवलेली बारा काचेची ताटं. त्या ताटांत कधी कुणी जेवलं नव्हतं, आठवड्याची धूळ काय ती बसलेली. आधी ती ताटं घेऊन विहिरीवर बसायची, चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन एकेक ताट घासायची, तीन पाण्यांनी धुवायची आणि मग ती लख्ख ताटं माझ्या हातात द्यायची. "आता घाल मशिनीत."

पहिल्या रविवारी मी विचारलंच. म्हटलं, "आंटी, धुतलेलीच आहेत की."

"मग? खरकटी घालू तिच्या पोटात?" तिनं माझ्याकडं असं पाहिलं की कारखान्यात मला कुणी घेतलं असेल हाच तिला प्रश्न पडला असावा.

मग मशीन तासभर ती धुतलेली ताटं धुवायची. आंटी स्टूल घेऊन समोर बसायची, पदर डोक्यावर, देवळात बसावं तशी. चर्चला ती देऊळच म्हणायची. आत पाण्याचा फवारा सुरू झाला की ती मशिनीशी बोलायला लागायची. माझ्याशी ती शाळेतलं मराठी बोलायची, मशिनीशी मात्र तिची घरची बोली. त्यातलं निम्मं मला कळायचं नाही. लांबच्या मुलाची विचारपूस चालली आहे एवढं मात्र न कळणाऱ्यालाही कळलं असतं. सात वर्षांत तो दोनदा आला होता.

माझी बायको तेव्हा पाठीमागं मोरीत बसून आमची भांडी घासत असायची. तिला हे सगळं सहन होत नसे. "राणीसाहेबांची आंघोळ झाली की परत आंघोळ," ती म्हणायची, "आणि दासी बसलीय इथं काथ्या घेऊन." आंटीला ऐकू जाईल म्हणून मी मोठ्यानं खोकायचो.

आंटी ताटं घेऊन गेली की माझं काम सुरू. मशिनीबरोबर एक पुस्तक आलं होतं, जर्मन भाषेतलं. मी चित्रांवर भागवायचो. तळाशी एक गोल जाळी असायची, ती फिरवून काढायची, धुवायची, परत बसवायची. काढताना ती सहज निघायची. बसवताना दर वेळी वेगळ्याच कोनात अडायची. पाणी फवारणाऱ्या दोन पात्यांना बारीक भोकं होती. ती बायकोच्या साडीची पिन घेऊन एकेक मोकळी करायची. दाराच्या रबराच्या घडीत पांढरा खर साठायचा, तो जुन्या टूथब्रशनं काढायचा. हे सगळं गुडघे टेकून, डोकं मशिनीत घालून. पुस्तकातल्या चित्रात एक गोरी बाई हसत हसत ती जाळी धुताना दाखवली होती. तिच्याकडं पाहून माझं डोकं फिरायचं. काय हसण्यासारखं होतं त्यात?

तरी आठ-नऊ महिने मी निभावून नेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. शेजारपाजारी आंटी मला "आमचा मशीनवाला" म्हणायला लागली. माझ्या हातून एकदा तर शेजारच्यांचा मिक्सर सुरू झाला, कारण त्याचं बटण बंद होतं. मलाही थोडंफार वाटायला लागलं होतं की आपल्याला समजतं. तिथंच माझं नशीब फिरलं.

झालं काय, की ताटांवर पांढरा थर दिसायला लागला. बोटानं पुसला तरी परत यायचा. विहिरीचं पाणी त्या वर्षी जड झालं होतं, डाळ शिजायला तास लागायचा. आंटी ताट उजेडात धरून म्हणाली, "हे असं का?" मी पुस्तक उघडलं. एका चित्रात मशिनीच्या तळाचं एक झाकण उघडून, नरसाळं लावून कुणी काहीतरी पांढरं ओतत होतं. तसल्याच पांढऱ्या पुडीची एक पिशवी मुलानं मशिनीबरोबर पाठवली होती, ती आंटीनं कधीच संपवली होती. रिकाम्या पिशवीवरही जर्मनच.

पुस्तक घेऊन आम्ही दोघं फादरकडं गेलो. ते रोमला शिकून आलेले होते. जर्मन त्यांना येत नव्हतं, पण चार शब्द लागायचे. त्यांनी चष्मा पुसला, ओळीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "मीठ. यात मीठ घालायला सांगितलंय."

"कोणतं मीठ, फादर?" मी विचारलं.

"पुढं मोठं वाक्य आहे, ते मला लागत नाही. पण मीठ म्हणजे मीठ. त्यात कोणतं काय असायचं?"

आंटीचा चेहरा उजळला. मीठ! वसईच्या बाईला मिठाची काय कमी? मिठागरावर काम करणारा एक म्हातारा दरवर्षी पावसाळ्याआधी तिच्याकडं एक पोतं टाकून जायचा आणि केळीचा घड घेऊन जायचा. त्यांच्या आई-बापांपासूनचा तो व्यवहार. यंदाचं पोतं नुकतंच आलं होतं. करड्या रंगाचे, बोराएवढे खडे. मासळी खारवायला त्याच्यासारखं मीठ नाही. म्हातारा अंगणात चहा पीत बसला होता, त्याला आंटीनं मोठ्या अभिमानानं सांगितलं की हे मीठ आता फॉरेनच्या मशिनीला लागणार आहे.

तो मशिनीकडं बघत राहिला. "मीठ खाते?" तो म्हणाला. "मंग बाय, खाल्ल्या मिठाला जागंल ती." आणि बशी खाली ठेवून पुढं म्हणाला, "पन तुज्या इथलं पानीच खारं हाय. तिला आनि वरून मीठ कशाला?"

साऱ्या गावात शहाणा तेवढा तोच होता. आम्ही दोघं हसलो.

आंटीनं ते मीठ दोन दिवस उन्हात घातलं, सुपात घेऊन तांदळासारखं निवडलं, पाट्यावर भरडलं. केळीच्या पानाचं नरसाळं तिनंच वळलं. मी झाकण उघडलं, तिनं कपाळावर-छातीवर क्रूस काढला आणि आम्ही दोन शेर मीठ मशिनीच्या पोटात घातलं. त्या मिठाबरोबर मिठागरातली माती, शेवाळ आणि आणखी काय काय गेलं असेल ते तो समुद्रच जाणे.

पहिल्या रविवारी काही झालं नाही. दुसऱ्या रविवारी ताटं करडी निघाली. तिसऱ्या रविवारी मशिनीनं आतून एक लांबलचक आवाज काढला, घशात काटा अडकलेल्या माणसासारखा, आणि गप्प झाली. पाणी येईना. मी बटण दाबलं, परत दाबलं, दार उघडून आपटलं. दाराच्या फटीतून ओहोटीच्या खाडीचा वास आला. आंटी स्टुलावर बसलेली.

"काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. तोंडातून आपोआप निघालं, "तिला विश्रांती द्यावी लागते. आमच्या कारखान्यातही वर्षातून महिनाभर मशिनी बंद ठेवतात."

"हो," आंटी म्हणाली, "तीही माणसासारखीच." आणि मशिनीच्या डोक्यावरून हात फिरवून ताटं घेऊन गेली.

मी मोरीशी जाऊन बसलो. माझी मलाच किळस आली होती. बायकोला सातवा महिना लागला होता. ती भांडं हातात तसंच धरून म्हणाली, "आत्ता जा आणि सांगून टाका. जितके दिवस थांबाल तितकं जड जाईल."

"आणि काढलं तर? या दिवसांत कुठं घेऊन जाऊ तुला?"

तिनं भांडं पुन्हा घासायला घेतलं. आणि चारच दिवसांनी पत्र आलं. मुलगा येत होता. देवळाच्या सणाला, तीन आठवड्यांनी, महिनाभराच्या सुट्टीवर.

त्या तीन आठवड्यांत मी जे जे केलं ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. कारखान्यातल्या एका फिटरला गळ घालून घरी आणलं. त्यानं मागचा पत्रा उघडला, आत पाहिलं, परत लावला आणि म्हणाला, "लेथ असती तर बोललो असतो." मी पुस्तकातली चित्रं उलटीसुद्धा धरून पाहिली. झाकण उघडून चमच्यानं मीठ खरवडलं, पण ते आत दगड झालं होतं. गल्लीच्या तोंडाशी एक क्रूस होता, तिथं येता-जाता लोक मेणबत्ती लावत. एका संध्याकाळी आजूबाजूला कुणी नाही असं बघून मीही लावली. घरी येऊन बायकोला सांगितलं तर म्हणाली, "मेणबत्तीनं मशिनी चालल्या असत्या तर तुमचा कारखाना फादरनीच चालवला असता."

आणि तीनदा मी खरं सांगायला गेलो. पहिल्यांदा आंटी मुलासाठी गादी उन्हात घालत होती, मला म्हणाली, "एक टोक धर." मी धरलं. दुसऱ्यांदा ती डोळे मिटून माळ जपत होती. तिसऱ्यांदा मी अगदी ठरवून गेलो, "आंटी, एक सांगायचंय" एवढं म्हणालोही. ती आत गेली आणि केळीच्या सोपटात बांधलेली, उन्हात वाळवलेली सुकेळी घेऊन आली. "पोरीला दे. सातव्यात सुकेळी द्यावीत, बाळाला जोर येतो. वर्षभरात एवढीच ठेवली होती, पोरासाठी. आता तुझ्या बायकोला जास्त गरज." ती पुडी हातात घेऊन कोणत्या तोंडानं बोलणार? मी घरी आलो. बायकोनं सुकेळी खाल्ली आणि खाता खाता रडली.

मी आतून पार खचलो होतो. खोटं बोलणारा माणूस निदान हुशार तरी असावा, मी तोही नव्हतो. मग मी हात टेकले. बायकोच्या माहेरी पत्र टाकलं, की दोन महिन्यांसाठी तिला पाठवतो. ट्रंका खाटेखालून काढून पुसून ठेवल्या.

मुलगा आला. तिशी ओलांडलेला, सडपातळ, गळ्यात साखळी, बोलायला मवाळ. आल्या आल्या आईनं त्याला आमच्या खोलीत आणलं आणि बंद मशिनीसमोर उभं केलं. "बघ कशी ठेवलीय. विश्रांतीवर आहे. आमचा मशीनवाला आहे ना, तो बघतो सगळं." मुलानं मशिनीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझी पाचावर धारण बसली. तो नुसता हसला आणि म्हणाला, "सणाला चालवू या. सगळे पाहुणे येतील तेव्हा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंटी मासळी आणायला बाजारात गेली तेव्हा तो एकटाच आला. दार ओढून घेतलं. "भाऊ, काय झालंय हिला?"

मी सगळं सांगितलं. हजेरीच्या वहीपासून केळीच्या पानाच्या नरसाळ्यापर्यंत, एका दमात. सांगून झाल्यावर म्हटलं, "मी महिनाअखेर जागा सोडतो. फक्त बायकोला गावी पोचवेपर्यंत थांबा."

तो ऐकतच नव्हता. तो गुडघ्यांवर बसला होता. डाव्या हातानं त्यानं खालची जाळी बाहेर ओढली, उजव्या हातानं न बघता तळाची गोल जाळी अर्धा फेरा देऊन उचलली, दोन्ही पाती काढून कडेला ठेवली. मला ज्याला पाऊण तास लागायचा ते त्यानं मी एक श्वास घेईपर्यंत केलं. झाकण उघडलं, बोटाला मीठ लावून जिभेवर ठेवलं. "मिठागराचं?" आणि पहिल्यांदा मोकळेपणी हसला. "आय माझी! तिथं हिचं मीठ वेगळं मिळतं, साखरेसारखं स्वच्छ. हे घातल्यावर ती बिचारी काय करेल?"

त्यानं माझ्या बायकोकडून उकळतं पाणी मागून घेतलं. भांडंभर ओतायचं, थांबायचं, रबरी नळीनं ओढून काढायचं, परत ओतायचं. प्रत्येक वेळी गढूळ पाणी निघायचं. पाण्याच्या नळीच्या तोंडाशी नखाएवढी एक चाळणी होती, ती त्यानं पकडीनं ओढून काढली. तिच्यात चिखल गच्च बसला होता. ती चाळणी आहे हे मला दहा महिन्यांत कळलं नव्हतं. आईच्या स्वयंपाकघरातून त्यानं ताडीचं व्हिनेगर आणलं आणि आतला पांढरा थर त्यानं धुऊन काढला. तो काम करत होता आणि मी त्याचे हात बघत होतो. बोटांची टोकं गुळगुळीत, सालं गेलेली. नखांच्या कडा पांढऱ्या, चिरा पडलेल्या. साहेबाचे हात असे नसतात. आमच्या कारखान्यातही ॲसिडच्या टाकीवर काम करणाऱ्यांचेच तसे व्हायचे.

मी बघतोय हे त्याला कळलं. त्यानं हात लपवले नाहीत.

"तिथली मशीन हिच्या दसपट आहे," तो खाली बघूनच म्हणाला. "रोजची दोन हजार ताटं. सात वर्षं तिच्या पोटात हात घालून बसलोय. पहिल्या दिवशी तिच्यासमोर उभं केलं तेव्हा आयचे राखेनं फाटलेले हात आठवले. म्हटलं, पैसे साठले की हिच्यासाठी एक छोटी घ्यायची. एका कुटुंबाची जुनी मिळाली." एक पातं पुसता पुसता तो म्हणाला, "तुमची जागा कुठं जात नाही. मशीन तुम्हीच दुरुस्त केली असं मी आयला सांगतो. तुम्ही फक्त माझं काही बोलू नका."

"शप्पथ," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? एका मशिनीसमोर आम्ही दोन खोटारडे बसलो होतो आणि त्यातला एक तरी कामाचा होता.

त्यानं पाती बसवली, जाळी बसवली, बटण दाबलं. आत पाणी आलं. फवाऱ्याचा आवाज ऐकून माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. मी डोळे पुसायला वळलो तर दार अर्धं उघडं होतं आणि उंबऱ्याबाहेर आंटी उभी होती. हातात मासळीची टोपली. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती मशिनीकडं बघत नव्हती. मुलाच्या पाठीकडं, त्याच्या त्या सराईत हातांकडं बघत होती. मग ती वळली आणि आपल्या घराकडं गेली. तिला मी पाहिलं हे मी त्याला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको, हे मला आजही ठरवता येत नाही.

दुपारी तोच आईला म्हणाला की भाडेकरूनं मशीन छान दुरुस्त केली. आंटी "हं" म्हणाली. संध्याकाळी ती विहिरीवर एकटी होती तेव्हा मी गेलो. आता मात्र पोटात ठेवणं शक्यच नव्हतं, निदान माझं तरी. "आंटी, मला मशीन समजत नाही. कधीच समजत नव्हती."

ती बादली ओढत राहिली. "ते मला पहिल्याच रविवारी समजलं. जाळी बसवायला तुला अर्धा तास लागला, खिडकीतून दिसत होतं."

"मग काढलं का नाहीत?"

"दर रविवारी गुडघे टेकून बसायचास की. देवळातसुद्धा हल्ली कुणी तेवढं टेकत नाही." तिनं बादली काठावर ठेवली. "ट्रंका परत खाटेखाली सरकव. पोरीचं बाळंतपण इथंच होऊ दे." मी जायला निघालो तेव्हा तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "मशीन दुरुस्त करताना तो तुझ्याशी काय बोलला?"

शप्पथ घेतलेला माणूस मी. "काही नाही," म्हटलं. त्या घरातलं माझं ते शेवटचं खोटं, आणि तेही तिला समजलं असणार.

सणाच्या दिवशी दुपारी पुढच्या घरात बारा पानं मांडली होती. म्हणजे तीच बारा काचेची ताटं, पहिल्यांदाच जेवणासाठी. आंटीचे भाऊ, भावजया, त्यांची मुलं आणि आम्ही दोघं. मटण, तांदळाच्या भाकऱ्या, सगळं होतं. जेवताना आंटीच्या भावानं विचारलं, "काय रे, तुझ्या हॉटेलात तुझ्या हाताखाली माणसं किती?" मुलगा घास चावत म्हणाला, "आहेत थोडी." मी ताटात बघत राहिलो. कुणाला काही मदत करता येण्यासारखी ती जागाच नव्हती.

जेवणं झाली. भाऊ म्हणाला, "आता ती मशीन दाखवा. खरकटी ताटं घालून दाखवा." सगळे हसले. मुलगा चटकन उठला. बोलता बोलता त्यानं शेजारच्याचं ताट उचललं, हाडं बाजूला सारून ते डाव्या हातावर घेतलं, त्यावर दुसरं, मनगटापाशी तिसरं, कोपरापर्यंत चौथं आणि पाचवं. हे सगळं त्याचं त्यालाही कळत नव्हतं. सात वर्षांची सवय, हात आपले चालत होते. खोलीतलं हसणं थांबलं. घरच्या माणसाला असं पाच-पाच ताटं अंगावर रचून उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. भावाचा पाण्याचा पेला तोंडाशीच राहिला. मुलाच्या ते लक्षात आलं आणि तो होता तिथंच उभा राहिला. ताटं खाली ठेवावीत की धरून राहावं हे त्याला कळेना.

आंटी उठली. त्याच्यासमोर जाऊन तिनं एकेक ताट त्याच्या हातावरून काढून घेतलं, वरून खालपर्यंत. मग त्याचा तो मोकळा झालेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि त्याची फुटलेली बोटं सगळ्यांसमोर उघडून पाहिली.

"बस," ती म्हणाली. "तिथं उचलतोस तेवढी पुष्कळ झाली. माझ्या घरात तू ताट उचलायचं नाहीस."

तो बसला. लहान मुलासारखा, भिंतीला टेकून. भाऊ काहीतरी बोलायला गेला तर तिनं नुसतं वळून पाहिलं, त्यानं पेला खाली ठेवला. आंटीनं ताटांची चळत उचलली आणि ती मागच्या खोलीकडं, मशिनीकडं गेली नाही. ती विहिरीवर गेली.

माझ्या बायकोनं मला कोपरानं ढोसलं. मी उठलो, उरलेली सात ताटं गोळा केली आणि आंटीच्या मागं गेलो. राख कुठं ठेवलेली असते ते मला माहीत होतं.